डाव्या काठाचे अकरा दात

डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या नर्सनं तिसऱ्यांदा थेंब टाकले आणि म्हणाली, "आता अर्धा तास डोळे मिटून बसा, आजी." आजी! प्रेमिला पराते त्रेसष्ट वर्षांची होती, केस अजून अर्धे काळे होते, आणि हातमागाच्या सोसायटीत एकतीस वर्षं माल तपासनीस म्हणून काढलेल्या बाईला कुणी असं एका शब्दात म्हातारं करून भिंतीला टेकवावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. मिटा म्हटलं की उघडायचे, हा तिचा जुना स्वभाव. तिनं डोळे उघडले. रामदासपेठेतला तो थंडगार दवाखाना पार विरघळून गेला होता. समोरच्या खुर्चीतल्या माणसाला चेहराच नव्हता. काउंटरवरच्या फुलांचा नुसता पिवळा डाग झाला होता. आयुष्यभर ती दोऱ्यावर दोरा कसा बसलाय ते बघत आली, आणि आता दोरा कुठला, हाताची बोटंसुद्धा मोजता येईनात. या भीतीनं ती मुद्दाम काहीतरी बारीक बघायला निघाली. पिशवीतून तिनं तो मोठा रंगीत कागद काढला आणि मांडीवर पसरला. कापडाचा फोटो. गेले तीन आठवडे तो तिच्यासोबत हुडकेश्वरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. फोटोतले धागे गेले, पोत गेला, टसरचा तो मधासारखा रंगसुद्धा फिका झाला. उरली ती तिनंच लाल पेन्सिलीनं केलेली वर्तुळं. अकरा डावीकडे, अकरा उजवीकडे. आणि ती वर्तुळं समोरासमोर होती. प्रत्येक डाव्या वर्तुळाच्या बरोबर समोर एक उजवं. एकही सुटलेलं नाही, एकही जास्तीचं नाही. चुका अशा समोरासमोर पडत नसतात.

आणि अहवाल पाठवून तर आठ दिवस झाले होते. "करवतकाठी विणीचा तुकडा, लांबी सव्वादोन वार. डावा काठ: दात चुकलेले, अकरा दोष. उजवा काठ: दात चुकलेले, अकरा दोष. दर्जा: दुय्यम. बाजारात विकला जाणारा हलका माल. परदेशी व्यक्तीनं विणल्याचा पुरावा नाही." खाली सही. एकतीस वर्षांत तिनं एक अहवाल मागं घेतला नव्हता. विणकर हातापाया पडले, एकदा तर सोसायटीचे भैयाजी स्वतः चहा घेऊन आले, तरी नाही. आणि तिची तपासायची पद्धत होती ती सगळ्यांचीच होती: आधी डावा काठ वरपासून खालपर्यंत, मग कापड फिरवायचं, मग उजवा. दोन्ही काठ एकदम कुणी बघतच नसे. दोष शोधायला एक काठ पुरतो. हिशेब चुकायचा प्रश्नच नव्हता. चुकली होती ती स्वतः, आणि ते सांगायला आता जेमतेम दीड तास होता.

आपल्याकडं तीन वाजले की तिकडं, जर्मनीतल्या आल्टेनरोडे नावाच्या वाड्यात, हेडविगचं सगळं खानदान जमणार होतं.

या हेडविगनं प्रेमिलाला सुरुवातीला नुसता वैताग आणला होता. वाड्यात आता छोटं संग्रहालय करायचं चाललं होतं, आणि हेडविगची पणती कातरीना हिनं पणजीचं चाळीस पानी चरित्र लिहून पाठवलं होतं, सोप्या इंग्रजीत, शाळामास्तरणीसारखं ठसठशीत. जन्म अठराशे एकाहत्तर. चोवीस खोल्यांचं घर आणि त्यातली शेकोटी पेटायची ती एकच खोली, सगळी भावंडं हिवाळाभर त्याच खोलीत. एकोणिसाव्या वर्षी एका काउंटशी लग्न, वयानं दुप्पट. दोन मुलगे, मधे एक मुलगी. मुलगी आठव्या वर्षी घटसर्पानं गेली आणि हेडविगनं बोलणं सोडलं. इतकं वाचून प्रेमिलानं चष्मा काढून ठेवला होता आणि म्हणाली होती, काम नसलेल्या बायकांना दुःखसुद्धा ऐसपैस करता येतं. मग पुढं वाचलं होतं. हेडविगचा भाऊ झाडंझुडपं गोळा करायला मध्य हिंदुस्थानात निघाला, त्यानं बहिणीला बरोबर घेतलं. नागपुरात भावाला हिवतापानं धरलं आणि सात महिने मुक्काम पडला. भाऊ अंथरुणात, आणि ही काउंटेस रोज सकाळी कोष्ट्यांच्या वस्तीत जाऊन एका मागाशेजारी बसायची. दुभाष्या नव्हता. परत गेली तेव्हा तिच्याजवळ हा तुकडा होता आणि ती बोलायला लागली होती. पहिलं वाक्य म्हणे, "हे मी विणलंय."

कुणी विश्वास ठेवला नाही. सासू हसली. नवऱ्यानं पाहुण्यांसमोर गप्प बसायला सांगितलं, तर हेडविग जेवणाच्या मोठ्या टेबलाखाली उतरून फरशीवर बसली, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कसं बसायचं ते दाखवायला. महिन्याभरात डॉक्टर आला. नऊ वर्षं तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि ती तिथंच गेली. पोरांना सांगितलं, आई खोटं बोलते. तेव्हापासून त्या घरात एक क्रियापदच होऊन बसलं: हेडविग करणं. म्हणजे थाप मारणं. लाडू खाऊन नाही म्हणणाऱ्या पोराला आपल्याकडं जे म्हणतील, ते तिकडं म्हणायचे, हेडविग करू नकोस. एकशे वीस वर्षं. कातरीनानं लिहिलं होतं, "मी लहानपणी हे वाक्य रोज ऐकलंय. आम्ही आता ठरवणार आहोत की कापडाखालच्या पाटीवर काय लिहायचं. वडील एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, ते फक्त जाणकारांचं ऐकतात. तुम्ही म्हणाल तेच शेवटचं." आणि जाणकार बाईनं काय केलं, तर लाल पेन्सिल घेऊन हेडविगला दुसऱ्यांदा इस्पितळात घातलं.

"आजी, डोळे मिटा म्हटलं ना," नर्स म्हणाली. "मले आजी म्हणू नको वं," प्रेमिला म्हणाली आणि तपासणी न करताच उठली. मागून कुणीतरी हाका मारत होतं. बाहेर चैताचं ऊन होतं आणि ते बाहुल्या फाकलेल्या डोळ्यांत सरळ घुसलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, जो पहिला आवाज जवळ आला त्या ऑटोत बसली आणि म्हणाली, "हुडकेश्वर. लवकर चाल गा." रस्ता नव्हताच, नुसता पांढरा उजेड आणि त्यात हॉर्न. ऑटोवाला आरशातून बघत असावा. "काकू, रडून राहिल्या का?" "नाही गा. दवाई टाकली डोळ्यात," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कळेना की हे कितपत खरं आहे.

कारण आता तिला गोळीबार चौकामागच्या गल्लीतलं घर दिसत होतं, अगदी स्वच्छ. दिसायला डोळे लागत नाहीत अशा जागा असतात. खड्ड्याचा माग, त्यावर उजवीकडं तिची आई भागीरथा आणि डावीकडं सोळा वर्षांची प्रेमिला. करवतकाठीचं काम आडवा दोरा वाहणाऱ्या तीन धोट्यांचं. काठाचा एक रंग, अंगाचा दुसरा, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं करवतीसारखे दात पाडायचे, म्हणून मागावर दोघी लागतात. उजवीकडची शिकवते, डावीकडची शिकते. प्रेमिलाचा दात चुकायचा. कधी एक धागा अलीकडं, कधी पलीकडं. आई काही म्हणायची नाही, आईचा धोटा नुसता क्षणभर थांबायचा. कापड उतरलं तेव्हा प्रेमिलानं ते उजेडात धरलं आणि बघितलं, तर आईच्या बाजूलाही दात चुकलेले. तिला असा आनंद झाला! इतक्या वर्षांची विणकरीण, आणि हिच्याही चुका. "तुह्याबी बाजूनं चुकलं, मंग माह्यासाठी धोटा काहून थांबवते?" ती ओरडली होती. आई हसली होती. कापडाची चौकोनी घडी करून तिच्याच हातात दिली होती. विकण्यालायक नाही म्हणून दिली असेल, असं प्रेमिलाला वाटलं होतं. नंतर ती मागावर बसली नाही. परीक्षा दिली, नोकरी धरली, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला. ते कापड तिनं शिलाई मशीनवर घालायला कापलं होतं. आई जाऊन बावीस वर्षं झाली. त्या मधल्या काळात, सोसायटीच्या टेबलावर, असे समोरासमोर चुकलेले किती दात तिनं लाल केले असतील? कुण्या मायलेकींचे? ऑटो गचका खाऊन थांबला तेव्हा तिच्या तोंडून मोठ्यानं "अरे देवा" निघून गेलं आणि ऑटोवाल्यानं ते रस्त्यावरच्या खड्ड्यावर घेतलं.

घरी इंदूबाई, तिची आत्या, खाटेवर बसून लसूण सोलत होती. वय अठ्ठ्याऐंशी, कान तेज, गुडघे गेलेले. प्रेमिला दारातूनच म्हणाली, "आत्या, शिकणारीचा दात चुकला तं माय काय करे?"

"काय करे म्हणजे? आपलाबी चुकवे. समोरासमोर."

"मुद्दाम?"

"मंग काय झोपेत?" आत्यानं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "एकटीचाच दात चुकला तं पोरगी दुसऱ्या दिवशी मागावर बसत नाही. लाजते. दोघींचा चुकला तं येते. आपल्या गल्लीत सगळ्याच बाया असंच करत."

"मंग मले काहून नाही सांगितलं कोणं?"

"तू कोणाले शिकवलं कुठं वं? शिकवाले बसली असती तं सांगितलं असतं. शिकणारीलेच सांगून देल्लं तं त्यात काय राहिलं?"

प्रेमिला खाली फरशीवरच बसली. तिला हसू येत होतं आणि त्याच्या मागून दुसरंही काहीतरी येत होतं. एका जर्मन काउंटेसला, जिची मुलगी मेली होती, जिला मराठीतला म सुद्धा येत नव्हता, अशा बाईला नागपुरातल्या कुण्या कोष्टिणीनं डावीकडं बसवून घेतलं, आणि तिचा हात चुकला तेव्हा दर वेळी आपलाही हात चुकवला. अकरा वेळा. उद्या परत यावी म्हणून. आणि ती परत येत राहिली. वाड्यातल्या लोकांनी नऊ वर्षांत जे केलं नाही ते या बाईनं सव्वादोन वारांत केलं. हे कापड म्हणजे पत्र होतं, आणि ते वाचायची अक्कल साऱ्या जगात दोन-चार गल्ल्यांतल्या बायांनाच होती, त्यातलीही एक मूर्ख निघाली. प्रेमिलाला स्वतःचा राग आला आणि त्याच दमात अभिमानही वाटला. कशाचा अभिमान ते विचारायला वेळ नव्हता. अडीच वाजले होते.

तीनला तिनं लॅपटॉप उघडला. अक्षरं अजून नाचत होती, पण पडद्यावर माणसं आहेत एवढं कळत होतं. लांब टेबल, बारा-चौदा जण, गडद कपड्यांचे डाग, आणि टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांचा एक ताठ डाग. तो ओटो, कातरीनाचा बाप, हेडविगच्या धाकट्या मुलाचा मुलगा. कातरीना सगळं इंग्रजीत सांगत होती, वडिलांचं जर्मन मधूनमधून इंग्रजीत करून देत होती. तिचा आवाज पडलेला होता. तिनं अहवाल वाचून झाल्याचं सांगितलं. पाटीचा मजकूरही तयार होता: नागपूरच्या बाजारातून घेतलेलं कापड.

"थांबा," प्रेमिला म्हणाली. "तो अहवाल मी मागं घेते."

पलीकडं कुजबुज झाली. तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला, लाल वर्तुळांवर बोट ठेवत गेली, डावं, उजवं, डावं, उजवं. शिकणारीच्या चुकीसोबत शिकवणारी चूक करते हे सांगितलं. सांगताना तिचं इंग्रजी दोनदा अडलं, पण आवाज अडला नाही. माल तपासून ती बोलायची तोच तो आवाज होता, ज्याला सोसायटीतले लोक बिचकायचे. शेवटी ती म्हणाली, "हे दोष नाहीत. हा दोन बायांचा हात आहे. एक शिकत होती, एक शिकवत होती."

टोकाचा पांढरा डाग काही बोलला. कातरीना चाचरत म्हणाली, "वडील विचारतात, आठ दिवसांपूर्वी तुम्ही सही करून दुय्यम दर्जा लिहिलात. मग कोणतं खरं मानायचं?"

"आजचं. त्या दिवशी माझी चूक झाली." इंग्रजीत हे वाक्य फार सोपं होतं. एकतीस वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं, एवढंच.

ओटो पुन्हा बोलला. या वेळी लांबलचक. कातरीनानं श्वास घेतला. "ते म्हणतात, समजा, कुणीतरी शिकत होतं. पण ती माझी आजी होती कशावरून? एखाद्या शिकाऊ मुलीनं विणलेलं कापड आजीनं विकत घेतलं असेल. घेऊन म्हणाली असेल, मी विणलं."

प्रेमिलानं कागद खाली घेतला. प्रश्न बरोबर होता. त्या जागी ती असती तर तिनंही हेच विचारलं असतं. लाल वर्तुळांत याचं उत्तर नव्हतं. टेबलाभोवतीचे डाग हलले, कुणीतरी खुर्ची मागं सारल्याचा आवाज आला. संपत आलं होतं. हेडविग पुन्हा एकदा फरशीवर बसून काहीतरी दाखवत होती आणि लोक उठून चालले होते.

"काय म्हणून राहिला तो बुढा?" खाटेवरून आत्यानं विचारलं.

"म्हणते, कोण्या शिकाऊ पोरीचं कापड इकत घेतलं असन तिनं."

आत्यानं लसणाची ताटली बाजूला सारली. ती खरोखरच दुखावली होती. "पहिलं कापड कोणी इकते का? बापाले देत नाहीत, सासरी देत नाहीत. शिकवणारी घडी करून शिकणारीच्याच हातात ठेवते. सांग त्याले. म्हणा, जिनं इणलं तिच्याशिवाय ते कोणाजवळ असूच शकत नाही. एवढंबी मालूम नाही का त्याइले?"

प्रेमिलाच्या हातात जणू ती चौकोनी घडी आली. आईचं ते हसू. तिनं शिलाई मशीनच्या दिशेनं एकदा बघितलं, उगाच, ते मशीन विकूनही वीस वर्षं झाली होती. मग तिनं पडद्याकडं तोंड केलं आणि आत्याचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. वर म्हणाली, "माझं पहिलं कापड माझ्या आईनं मलाच दिलं होतं. मला कारण आज कळलं. हेडविगला तेव्हाच कळलं असावं. म्हणून ती घरी जाऊन बोलायला लागली. हे कापड बाजारात मिळत नाही. कितीही मोठ्या माणसाला मिळत नाही. ते तिच्याजवळ होतं, म्हणजे ते तिनं विणलं होतं. ती खरं बोलत होती."

कातरीनानं जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. शेवटच्या वाक्यावर तिचा आवाज फुटला आणि तिनं ते पुन्हा म्हटलं, यावेळी मोठ्यानं, टेबलाच्या त्या टोकापर्यंत जाईल असं. मग म्हातारा बोलला. एकच वाक्य, हळू.

"काय म्हणाले?"

"म्हणाले," कातरीना म्हणाली, "तुम्ही मघाशी म्हणालात ना, माझी चूक झाली. ते म्हणतात, माझीही."

एक्क्याण्णव वर्षांच्या, कधी न पाहिलेल्या माणसानं तिच्या चुकीसमोर आपली चूक आणून ठेवली होती, बरोबर समोरासमोर. त्याला हे कुणी शिकवलं? मघाशी तिनंच तर सांगितलं होतं. आयुष्यात तिनं कुणाला काही शिकवलं असेल तर ते हेच, आणि ते इतक्या लवकर उमटलं. मग व्यवहाराचं बोलणं सुचलं, कारण तेच तिला येतं. पाटीवर दोघी पाहिजेत, ती म्हणाली. उजवीकडची आधी. नाव कुणाला माहीत नाही, तरी जागा तिची आहे. लिहा, नागपूरची एक कोष्टीण आणि तिची शिकाऊ हेडविग. कातरीना लिहून घेत होती, पेन कागदावर चाललेलं ऐकू येत होतं.

पडद्यावर काहीतरी हललं. टोकाचा पांढरा डाग वर चढत होता. टेबलाला दोन्ही हात टेकून म्हातारा उभा राहत होता. कुणीतरी त्याला धरायला गेलं, त्यानं हात झटकला. मग शेजारचा उठला, त्याच्या शेजारची उठली, आणि टेबलाच्या या टोकापर्यंत सगळे एकेक करून उभे राहिले, ताठ.

"काय झालं? सभा संपली का?" प्रेमिलानं विचारलं.

"नाही," कातरीना म्हणाली. ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. "आमच्याकडं घरची मालकीण खोलीत आली की सगळे उठतात."

प्रेमिला लॅपटॉपसमोर उभी झाली. पदर नीट केला.

"काहून उठली वं?" आत्यानं विचारलं.

"घरची बाई आली, आत्या," प्रेमिला म्हणाली. "आपल्या घरी आली."